राखाडी अक्षरं

ही हकीकत २०३९ सालची आहे. त्या वर्षी मी एकोणऐंशी वर्षांची होते, सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होते आणि माझी स्मरणशक्ती उत्तम होती. शेवटची गोष्ट मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी माझ्याखेरीज तिच्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता.

मी टेलिफोन खात्यातली. १९८० साली ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून लागले. आजच्या लोकांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. परगावी फोन करायचा तर आधी तो आमच्याकडे नोंदवायचा, मग आम्ही समोरच्या बोर्डावर दोन गावांच्या दोऱ्या, म्हणजे कॉर्ड, जोडायच्या आणि लाईन लागली का ते कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकायचं. सोलापूरचं निम्मं गाव आमच्या कानांतून बोलत असे. लग्नं जमत, मोडत, कापडाचे भाव ठरत, कुणी रडे, कुणी कुणाला शिव्या घाली. आमच्या सुपरवायझर परांजपेबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मुलींनो, कॉर्ड ओढली की विषय संपला. घरी जाताना कानात काही न्यायचं नाही." आम्ही नेलं नाही. एकाही मुलीनं नेलं नाही.

दुसरा नियम असा की गिऱ्हाईक जे सांगेल ते परत म्हणून दाखवायचं. गाव, नंबर, वेळ. म्हणजे चूक होत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ललिता येमूल बसायची. तिच्या अंगात हा नियम इतका मुरला की घरीसुद्धा नवरा म्हणाला, "येताना वांगी आणतो," तर ही म्हणे, "वांगी. अर्धा किलो. संध्याकाळी. बरोबर?" बिचारा येमूल पुढे पुढे न सांगताच बाजारात जायला लागला.

आणि गुलबर्ग्याच्या बोर्डावर मल्लिनाथ हिरेमठ नावाचा ऑपरेटर होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही एकमेकांना नावानं हाकच मारली नाही. तो म्हणायचा, "सोलापूर, बोला." मी म्हणायची, "गुलबर्गा, एक अर्जंट आहे." दोन कॉलच्या मध्ये मोकळं मिळालं तर तो विचारायचा, ऊन किती आहे तिकडं, जेवलात का. दहा वर्षं हे चाललं. मग लोक आपापले नंबर स्वतः फिरवू लागले, बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, मला चौकशी विभागात टाकलं आणि गुलबर्ग्याचा आवाज बंद पडला. माझं लग्न झालेलं होतं, त्याचंही. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

२०३७ साली तो आवाज परत आला. खात्यातल्या म्हाताऱ्या मंडळींचा 'ओटा'वर एक गट होता. ओटा म्हणजे तेव्हा सगळ्यांच्या फोनमध्ये असलेली गप्पांची जागा. फोन त्यावरून, निरोप त्यावरून, पुढे पुढे रेल्वेचं तिकीट आणि दवाखान्याचा नंबरही त्यावरूनच. त्या गटात कुणीतरी बोलून निरोप टाकला, "सोलापूर, गुलबर्गा बोलतोय. लाईनवर आहात का?" माझ्या हातातली वाटी ओट्यावर, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावर, तशीच राहिली.

मी गेले भेटायला. गावाचं नाव आता कलबुर्गी झालं होतं आणि त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझे यजमानही. अंगणात दोन खुर्च्या एकमेकींसमोर मांडलेल्या होत्या, पण आम्हाला तसं बसवेना. शेवटी मी माझी खुर्ची उचलून त्याच्या शेजारी लावली, दोघांची तोंडं रस्त्याकडे. मग बोलणं सुरू झालं. त्यानंतर मी महिन्यातून एका मंगळवारी सकाळच्या गाडीनं जायची आणि संध्याकाळी परत यायची. याला काय नाव द्यायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं. ठरवायची घाईही नव्हती. आयुष्यात प्रत्येक गोष्टीला नाव देऊन झालं होतं, ही एक गोष्ट बिननावाची असू दे, असं मला वाटत होतं.

सांगितलं फक्त ललिताला. तिच्याशी बोलायचं म्हणजे लिहूनच. जन्मभर हेडफोन लावून तिचे कान गेले होते आणि गुडघ्यांमुळे तिला अशोक चौकातल्या घराचा जिना उतरवत नव्हता. मी ओट्यावर लिहायची, ती उत्तर द्यायची.

आता यंत्राबद्दल सांगते. मला ते नंतर माझ्या सुनेनं, नयनानं, समजावलं. ती पुण्यात असल्याच यंत्रांचं काम करते.

त्याआधी काही वर्षं पुसण्याचा कायदा आला होता. आपण लिहिलेलं पुसा म्हटलं की कंपनीनं ते मुळापासून पुसायचं, कुठं ठेवायचं नाही. ओट्यानं खरोखर पुसलं, त्याबाबतीत मी त्यांना खोटं म्हणणार नाही. पण एकानं आपलं बोलणं पुसलं की दुसऱ्याची उत्तरं लटकत राहत. 'हो, नक्की.' कशाला हो? 'अरे रे, फार वाईट झालं.' काय झालं? लोकांच्या तक्रारी आल्या. मग कंपनीनं 'सांधणी' आणली. जिथं पुसलंय तिथं यंत्र स्वतःचं एक वाक्य बसवतं, राखाडी अक्षरांत, म्हणजे संवाद वाचता येतो.

यंत्र ते वाक्य कुठून आणतं? आमच्या चाळीत फोन पहिल्यांदा माझ्या सासूबाईंकडे आला. त्या बोलत तेव्हा शेजारच्या कमळाबाई दारात उभ्या राहून ऐकत. एकच बाजू ऐकू यायची, दुसरी त्या मनानं भरत. शंभर फोन ऐकलेल्या माणसाला ते जमतं. एकदा सासूबाई म्हणाल्या, "कधी गेली? अरे अरे, परवापर्यंत तर चांगली खात होती. रडू नकोस, आता दुसरी आणायचं बघ." कमळाबाईंनी चाळभर केलं की माझी जाऊ वारली. बायका पांढरी लुगडी नेसून आल्या. गेली होती ती दिराची म्हैस.

सांधणी म्हणजे कमळाबाईच. फक्त तिनं शंभर नव्हे तर कोट्यवधी संवाद ऐकलेले. आधीचं वाक्य, नंतरचं उत्तर, माणसाचं वय, गाव, बाई की बाप्या, हे सगळं बघून ती ठरवते की इथं सर्वांत संभवनीय वाक्य कुठलं. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं, म्हणून तर लोक तिच्यावर विसंबतात. पण संभवनीय म्हणजे तुमचं नव्हे. तुमच्या वयाच्या, तुमच्या गावच्या हजार बायकांनी जे लिहिलं असतं, ते.

मी पुसलं त्याचं कारण वीरेश. माझा मुलगा. २०३८च्या दिवाळीत तो आला आणि माझ्या फोनवर 'निगा' बसवून गेला. "आई, तुझी तब्येत कळत राहील मला, बाकी काही नाही. इथं मान्य म्हण." मी म्हटलं मान्य. लाडू वळत होते, हात तुपाचे होते, त्यानंच माझं बोट धरून दाबलं. नंतर माझ्या मनात आलं की कलबुर्गीचं ललिताला लिहिलेलं राहू देऊ नये. ओट्यानं मला नक्की का, नक्की का असं पुन्हा पुन्हा विचारलं, एक रडका चेहराही दाखवला. मी पुसलं आणि कॉर्ड ओढल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत, एका शनिवारी, वीरेश आणि नयना न कळवता दारात. वीरेशच्या हातात मोसंब्यांची पिशवी. माझा मुलगा मोसंबी आणतो तेव्हा बातमी वाईट असते.

चहा होईपर्यंत तो हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "आई, तू कलबुर्गीला कशी पोचलीस?"

माझ्या हातातून गाळणी सुटली.

"बघ," तो नयनाला म्हणाला. "हातही थरथरतात."

"हात नाही थरथरत. तुला कुणी सांगितलं कलबुर्गीचं?"

"घाबरू नकोस. कुणी रागावलेलं नाहीये तुझ्यावर." हे वाक्य तो अशा आवाजात बोलला की मला पहिल्यांदा खरा राग आला. त्यानं फोन पुढे केला. निगेनं त्याला पाठवलेला माझा आणि ललिताचा संवाद. ललिताची काळी अक्षरं आणि माझ्या जागी राखाडी.

'ललिता, आज मी कलबुर्गीला पोचले. गाडीत कशी बसले ते आठवत नाही. संध्याकाळी परत आले. घरी सांगू नकोस.'

खाली ललिता, काळ्या अक्षरांत: 'कलबुर्गी. सकाळची गाडी. संध्याकाळी परत. घरी कळता कामा नये. समजलं.'

'आज पुन्हा तसंच झालं.'

'परत गेलीस? अगं, या वयात!'

'स्टेशनवर एका माणसानं नाव विचारलं. मला सांगता येईना.'

'नाव नाही सांगायचं. समजलं. पुढच्या वेळी गोळ्या विसरू नकोस.'

मी चष्मा काढून पुसला, परत लावला. "हे मी लिहिलेलं नाही."

"आई, तू लिहिलेलं तू पुसलंस."

"मग हे कुणी लिहिलं?"

"यंत्रानं जोडलंय. अंदाजे."

"अंदाजे! माझ्या तोंडात अंदाजे वाक्यं घालतात आणि तू मोसंबी घेऊन येतोस?"

"मग खरं काय लिहिलं होतंस?"

मी गप्प बसले. बसणारच. त्यानं नयनाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळा निकाल होता. पुण्यात त्यांच्या फ्लॅटमध्ये माझी खोली रंगवून झाली होती. पडदेसुद्धा घेतले होते, मोरपंखी. डॉक्टरांची वेळ ठरली होती. सोलापूरचं घर बंद करायचं होतं. "उन्हाळ्याआधी हलू या," तो म्हणाला, जसं काही मी गव्हाचं पोतं आहे.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"आई, निगेत नोंद झालीय. आता तुला एकटीला तिकीटही मिळणार नाही. माझी परवानगी लागते." हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता. दुष्ट नव्हता हो तो. घाबरला होता. घाबरलेल्या मुलांइतका छळ कुणी करत नाही.

मला पहिला विचार मंगळवारचा आला. मल्लिनाथ अंगणात खुर्ची लावून बसणार. फोन करावा तर तोही ओट्यावरूनच जातो आणि निगा ऐकते.

रविवारी सकाळी मी रिक्षा करून ललिताकडे गेले. वीरेशनं नयनाला बरोबर पाठवलं, एकटी सोडायची नाही म्हणून. तिला मी खाली रिक्षातच बसवलं.

ललिताशी समोरासमोर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि गुपित ओरडून सांगायचं तर ओटाच बरा. पण तिच्याकडे नातवंडांची जुनी दगडी पाटी होती. त्यावर आम्ही लिहायचो. मी लिहिलं, 'तू माझं सगळं फोडलंस.'

"मी?" ललिता वाचून किंचाळली. "अय्यो, हेमे! मी एक अक्षर कुणाला बोलले नाही!"

मी तिला तिचीच उत्तरं दाखवली. कलबुर्गी, सकाळची गाडी, संध्याकाळी परत. तिनं डोळे बारीक करून वाचलं आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर परांजपेबाईंनी पकडल्यासारखे भाव आले.

"रिपीट केलं गं मी," ती म्हणाली. "सवयीनं."

'माहीत आहे,' मी लिहिलं.

"मी पुसलं असतं तर? थांब, आत्ता पुसते. माझ्या बाजूचं सगळं पुसते, मग कशावरून जोडतील?"

"लले, थांब, नयनाला विचारू दे..." पण तिला ऐकू कुठं येतंय. माझा हात पाटीवर पोचेपर्यंत तिनं अंगठा दाबलासुद्धा. "झालं! आता बस म्हणावं कमळाबाईला!" कमळाबाई तिला माहीत होत्या, म्हशीच्या प्रसंगासकट.

सोमवारी सकाळी ललिताची मुलगी पद्मा हिचा हैदराबादहून मला फोन. आवाज रडवेला. "हेमामावशी, आई कधीपासून अशी करतेय?"

"कशी?"

"तुम्ही दोघी कलबुर्गीला हरवलात ना! आईच्या फोनवरच्या निगेनं कळवलंय. दोघींची गाडी चुकली, दोघींना नाव सांगता येईना!"

यंत्राला आता दोन्ही बाजू मोकळ्या मिळाल्या होत्या. त्यानं दोन म्हाताऱ्या बनवल्या आणि दोघींना गाडीत बसवून दिलं. जिला जिना उतरवत नाही ती ललिता, यंत्राच्या मते, कलबुर्गी स्टेशनवर फिरत होती. मी पद्माला तेच म्हटलं, "अगं, तुझी आई खालच्या वाण्याकडेसुद्धा जात नाही!" तर ती म्हणाली, "तेच ना मावशी, काळजी त्याचीच वाटते."

दुपारी मी ओट्याकडे तक्रार केली. नयना शेजारी बसली होती, तिनंच लावून दिलं. एक गोड आवाज आला.

"नमस्कार हेमलताजी! आज मी आपली काय मदत करू?"

"ती राखाडी वाक्यं माझी नाहीत. काढून टाका."

"आपली वाक्यं आपल्या विनंतीप्रमाणे पूर्णपणे पुसलेली आहेत."

"मग ही कुणाची?"

"ही सांधणीची आहेत. ती कंपनीची निर्मिती आहे, आपली माहिती नाही. त्यामुळे ती पुसण्याचा हक्क आपल्याला लागू होत नाही."

"पण त्यात 'मी' लिहिलंय. तो मी कोण?"

"ती आपल्यासारखी एक व्यक्ती आहे."

"माझ्यासारखी आहे तर तिला पाठव पुण्याला! मोरपंखी पडदे तिला लाव!"

"आपली नाराजी मी समजू शकते."

नयनानं तोंडावर हात धरला. हसू दाबत होती की काय कळेना.

"सांधणी चुकीची वाटत असल्यास," आवाज पुढे म्हणाला, "कृपया मूळ संदेश पुन्हा लिहून द्यावा. तुलना करून आम्ही दुरुस्ती करू."

"आणि मी लिहून दिलेलं मग कुठं जाईल?"

"पडताळणीसाठी आमच्याकडे सुरक्षित राहील."

"म्हणजे मी पुसलं ते तुला परत द्यायचं. तेव्हा तू कबूल करणार की मी शहाणी आहे."

"आणखी काही मदत हवी आहे का?"

मी फोन उपडा ठेवला. कपाळ दुखायला लागलं होतं. एका बाजूला मंगळवार, दुसऱ्या बाजूला माझं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री. दोन्ही ठेवायचं तर ते लिहून यंत्राच्या हवाली करायचं, की पुढच्या दिवाळीत निगा वीरेशला कळवणार, 'आपल्या आईस एक मित्र आहे,' आणि त्याला काहीतरी नावही देणार, हजार बायकांच्या सरासरीतून काढलेलं.

नयनानं उपडा फोन उचलून ती राखाडी वाक्यं पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आई, मूळ संदेश वेगळा होता."

"होता."

"तुम्ही हरवला नव्हतात."

"नाही."

तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी मी तिचे पूर्वीचे सगळे मीठ कमी असलेले पदार्थ माफ केले. "वीरेशशी बोला," ती म्हणाली. "माझं ऐकणार नाही तो."

संध्याकाळी मी तिघांचे फोन गोळा केले, पिठाच्या डब्यात ठेवले आणि झाकण लावलं. वीरेश म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "ताट घे."

तो जेवायला बसल्यावर बोलले. "वीरेश, मी कलबुर्गीला चुकून गेले नव्हते. तिकीट काढून, डबा घेऊन, विचार करून गेले. पुढेही जाणार आहे. कशाला ते सांगणार नाही."

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आई, ज्यांना आठवत नाही ती माणसं असंच म्हणतात. मी वाचलंय. कारण सांगता येत नाही म्हणून म्हणतात, सांगणार नाही."

हे फार लागलं. जन्म दिलेल्या मुलासमोर माझ्या शब्दाला राखाडी अक्षरांइतकीही किंमत नव्हती. यंत्राचं वाक्य अंदाज असून खरं आणि माझं खरं असून आजार. आणि मी आता कितीही ओरडले असते तरी ती चिडचिडसुद्धा लक्षणांत धरली गेली असती.

मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

"बारावीला होतास," मी म्हटलं. "होटगी रोडच्या बूथवरून रोज एक फोन करायचास. त्या भागातल्या लाईनी बिघडल्या होत्या आणि तपासणीला त्या दिवशी मी बसले होते. तुझा आवाज ओळखला आणि तपासणीची कॉर्ड ओढली. पण तोवर दोन वाक्यं कानात गेली होती."

वीरेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. एक्कावन्न वर्षांचा माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

"समोर कोण होतं ते मला माहीत आहे. तू काय म्हणालास ते आठवतंय. तुला मार्चमध्ये ताप का आला होता तेही कळलं होतं. तुझ्या बाबांना मी सांगितलं नाही. ते विचारत होते, मुलगा असा का झालाय, तेव्हाही नाही. सांगू आता? नयना आहेच इथं."

"नको," तो म्हणाला. फार हळू.

"कोण होतं?" नयना म्हणाली.

"नको, आई."

"बरं, नाही सांगत. पण मला ते आठवतंय की नाही, एवढं बोल."

"आठवतंय."

"आणि ते सांगायचं नाही, हेही आठवतंय. हे यंत्राला येतं का बघ विचारून. त्याला रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटते. मला तुझी ती जागा चौतीस वर्षं रिकामी ठेवता आली. माझी एक जागा तू ठेव."

तो खाली मान घालून जेवला. हात धुऊन आला, पिठाच्या डब्यातून स्वतःचा फोन काढला, सदऱ्याला पुसला. "निगा काढतो," म्हणाला.

काढतो म्हणणं सोपं. निगेनं विचारलं, कारण निवडा: रुग्ण बरा झाला, रुग्णाचे निधन, इतर. 'बरा झाला' दाबलं तर म्हणाली, हा आजार बरा होत नाही. 'इतर' दाबलं तर म्हणाली, मूळ संदेश जोडा. वीरेशनं पुन्हा 'बरा' दाबलं, पुन्हा 'इतर'. असा फेऱ्यात अडकला की शेवटी त्यानं फोनलाच शिवी घातली, त्याच्या बाबांची आवडती.

"इकडे दे," नयना म्हणाली आणि तिनं 'निधन' दाबलं.

"अगं!"

"बघ तर."

यंत्रानं एक समई दाखवली, मनापासून दुःख झालं म्हणून सांगितलं आणि निगा बंद केली. निधनाला कागद लागला नाही. जिवंत असायला मात्र मूळ संदेश लागत होता.

"आई," वीरेश म्हणाला, "सॉरी. मेलीस तू."

"चालेल," मी म्हटलं. "उद्या मंगळवार आहे."

मेलेल्या माणसाला ओट्यावर तिकीट मिळत नाही, पण सोलापूर स्टेशनवर एक खिडकी अजून होती, जिच्यामागे माणूस बसायचा. त्यानं मला मी कोण, कशाला चालले, काही विचारलं नाही. तिकीट दिलं आणि म्हणाला, "आजी, जपून चढा." मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

मल्लिनाथनं पावलं ओळखली. "बर्री, बर्री," या म्हणाला, त्यांच्याकडच्या पद्धतीनं. "सोलापूर, आवाज बारीक येतोय. लाईन खराब आहे?"

"होती," मी म्हटलं. "आता ठीक आहे."

हे सगळं मी २०४७ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, शाईनं कागदावर लिहिते आहे.

ललिताला पद्मा हैदराबादला घेऊन गेली. दोन उन्हाळे काढून ती भांडून परत आली आणि २०४५ साली स्वतःच्या घरातच वारली. तिची पाटी माझ्याकडे आहे. शेवटी तिनं त्यावर काही लिहिलं होतं म्हणे, पण पद्मा पोचायच्या आत स्वतःच ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. पुष्कळ उजेडात धरून पाहिलं, काही उरलेलं नाही. काय चांगली वस्तू आहे पाटी.

नयनानं नोकरी सोडली आणि काही वकील बायकांबरोबर सांधणीविरुद्ध भांडत राहिली. २०४३ साली नियम झाला की राखाडी अक्षरांखाली 'अंदाज' असं लिहिलंच पाहिजे. कंपन्या लिहितात. राखाडी अक्षरांत, मुंगीएवढं. नयना अजून भांडते आहे.

वीरेश साठीला आला. स्वतःच्या किल्ल्या शोधत घरभर फिरतो आणि सापडल्या की माझ्याकडे चोरून बघतो. मी त्याला निगेत घातलेलं नाही. बूथवरचा फोन नयनाला अजून माहीत नाही, आणि तिनं विचारायचं सोडलेलंही नाही.

ओटा दुसऱ्या एका कंपनीला विकला गेला. त्या व्यवहारात राखाडी हेमलताही गेली. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला ती वीरेशला निरोप पाठवते, 'बाळा, आज पुन्हा गाडी चुकली.' नवीन कंपनीचं म्हणणं असं की घरच्यांना याचा आधार वाटतो.

मल्लिनाथ २०४४च्या श्रावणात गेला. 'मी गेल्यावर लिहायला हरकत नाही,' असं त्यानंच सांगितलं होतं, म्हणून एवढं लिहिलं. शेवटच्या मंगळवारी आम्ही नेहमीसारखे रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. तेव्हा त्यानं मला एक गोष्ट विचारली आणि मी उत्तर दिलं. काय ते इथं लिहिणार नाही. ती जागा रिकामी आहे. वाचणाऱ्यांना विनंती, ती भरू नका.